प्रभात फिल्म कंपनी कशामुळे थांबली, आणि चार मित्रांनी संस्था काढताना त्यातून काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : चार मित्रांनी मिळून केलेला पहिला मराठी चित्रपट बऱ्यापैकी चालला, वितरकाकडून हिशेबही वेळेवर आला, आणि आता आपण रीतसर निर्मितीसंस्था काढून स्वतःचे कार्यालय, स्वतःचा कॅमेरा, संकलनाची आणि डबिंगची स्वतःची खोली आणि पगारी माणसे असा सगळा संसार मांडू इच्छिता. घरातली मंडळी म्हणतात, ‘प्रभातसारखी प्रभात बुडाली, तिथे तुमचे काय?’ त्यावर आपण विचारता की प्रभात फिल्म कंपनी दिग्दर्शक शांतारामबापू (व्ही. शांताराम) सोडून गेले म्हणूनच बंद पडली ना. आणि तसे असेल, तर आमच्या चौघांत कोणी सोडून जाणारच नसताना भीती कशाची?

मी सनदी लेखापाल आहे. निर्मात्यांचे हिशेब, भागीदारीचे करारनामे आणि हक्कविक्रीचे कागद हे माझे रोजचे काम. चित्रपटाच्या इतिहासाची मी अभ्यासक नाही, पण प्रभातची गोष्ट माझ्या कामाच्या इतकी जवळची आहे की हिशेबाच्या बाजूने ती मला सांगता येईल. माझे मत असे, की शांतारामबापूंच्या जाण्याने प्रभातला मोठा धक्का बसला हे खरे, पण संस्था थांबली ती तिच्या रचनेमुळे. ज्या रचनेने तिला वर नेले, तीच रचना दिवस पालटल्यावर तिला पेलवेनाशी झाली. म्हणून आपला खरा प्रश्न ‘कोणी सोडून जाईल का’ हा नसून ‘कोणी गेले किंवा एखादे वर्ष कोरडे गेले, तर संस्थेला काय काय द्यावे लागेल’ हा आहे, असे मला वाटते.

आधी उदयाकडे पाहू. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभातची स्थापना झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कारागीर होते आणि पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी हे पैशाची बाजू सांभाळणारे होते. या यादीकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहा. दिग्दर्शन शांतारामबापूंकडे, छायालेखन धायबरांकडे, कलादिग्दर्शन साहेबमामा फत्तेलालांकडे, आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची अवघड बाजू दामलेमामांकडे. निर्मितीतल्या सर्वांत महागड्या खात्यांचे प्रमुख स्वतःच मालक होते. बाहेरून माणूस आणून त्याला मोठा मेहनताना द्यायचा नाही, आणि प्रत्येक खात्यात पैसा वाचवण्याची कळकळ मालकाचीच. नवख्या संस्थेला याहून मोठे भांडवल कोणते असणार? आपल्या चौघांत दिग्दर्शक, छायालेखक, संकलक आणि निर्मितीव्यवस्था पाहणारा अशी वाटणी आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा हे बळ आपल्याकडेही आहे, आणि मी ते कमी लेखत नाही.

मूकपटांनी सुरुवात करून प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला, आणि त्याबरोबर त्याचा हिंदी अवतारही काढला. ही द्विभाषिक पद्धत मला नेहमीच फार शहाणपणाची वाटत आली आहे. सेट एकदाच उभा करायचा, कपडेपट एकदाच शिवायचा, तंत्रज्ञ तेच, बरेचसे कलावंतही तेच. दृश्य एका भाषेत घेतले की लगोलग दुसऱ्या भाषेत घ्यायचे. खर्च जेमतेम दीडपट झाला तरी बाजार मात्र कितीतरी पटींनी वाढतो, कारण मराठी चित्रपट महाराष्ट्रापुरता आणि हिंदी चित्रपट देशभर. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या जोड्या याच हिशेबातून आल्या. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली आणि एरंडवण्याच्या माळावर तिने आपला स्टुडिओ उभारला. चित्रीकरणाची मोठी दालने, प्रयोगशाळा, ध्वनिविभाग, सुतारकाम, रंगकाम, कपडेपट असे सारे एका आवारात होते, आणि नटनट्यांसह बहुतेकजण महिन्याच्या पगारावर होते. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक मुक्काम ठोकला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. तो चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला होता, शांतारामबापूंनी नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. पुढच्या मुद्द्याला त्याची गरज आहे.

आता उतरतीबद्दल. शांतारामबापूंच्या आधीच धायबर बाहेर पडले होते. ‘शेजारी’ १९४१ मध्ये आला, आणि १९४२ मध्ये शांतारामबापूंनी प्रभात सोडून मुंबईत परळला राजकमल कलामंदिर सुरू केले. ते का गेले याची खासगी कारणे लोक चवीने सांगतात. मी त्यांत शिरत नाही, कारण हिशेबाच्या दृष्टीने कारण कोणतेही असले तरी परिणाम एकच होतो. पण त्यांच्या जाण्याने कंपनीतली गुणवत्ता एका दिवसात आटली असती, तर १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’सारखा चित्रपट तिथून निघाला नसता. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पडद्यावर आले ते प्रभातमधूनच, आणि गुरुदत्तही त्याच काळात तिथे उमेदवारी करत होते. म्हणजे माणसे घडवण्याची ताकद शिल्लक होती. मग कमी काय पडले? माझ्या मते, एवढे मोठे आवार बाराही महिने चालते ठेवण्याइतके काम कमी पडले.

पगारी व्यवस्थेचे गणित असे असते : चित्रीकरण चालू असो वा नसो, एक तारखेला पगार द्यावाच लागतो. वर्षाला ठरावीक चित्रपट निघत असतील तर हा खर्च प्रत्येक चित्रपटावर थोडाथोडा वाटला जातो आणि चित्रपट स्वस्त पडतो. शांतारामबापूंचा एक आणि दामले-फत्तेलालांचा दुसरा असे दोन दिग्दर्शक गट आलटून पालटून काम करत होते, एकाचे चित्रीकरण चालू असताना दुसऱ्याची कथा तयार होत होती, तोवर ही घडी नीट बसलेली होती. त्यांतला एक गट गेला की तोच खर्च उरलेल्या मोजक्या चित्रपटांच्या डोक्यावर बसतो. त्यात काळही आडवा आला. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली. १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे सुमारे दोन तासांवर आणली, आणि १९४३ पासून कच्ची फिल्म परवान्याशिवाय मिळेनाशी झाली. पगारपत्रक मोठे आणि फिल्म मात्र मोजून, ही अवस्था पगारी संस्थेला सर्वांत महाग पडते. दुसरीकडे युद्धकाळातला बेहिशेबी पैसा चित्रपटात आला, आणि नव्या निर्मात्यांनी महिन्याच्या पगाराऐवजी एकेका चित्रपटासाठी घसघशीत रक्कम देऊन नटांना करारबद्ध करायला सुरुवात केली. या निर्मात्यांकडे स्टुडिओ नव्हता, नोकरवर्ग नव्हता. चित्रीकरणाचे दालन भाड्याने घ्यायचे, चित्रपट करायचा आणि मोकळे व्हायचे. मोठा नट महिना पगारावर पुण्यात कशाला थांबेल? १९४५ मध्ये दामलेमामा गेले. त्यानंतर काही वर्षे कंपनी चालली, पण १९५३ मध्ये ती अधिकृतपणे गुंडाळली गेली. १९६० मध्ये त्याच आवारात भारत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

हे एकट्या प्रभातचे दुर्दैव नव्हते, याचा पुरावा मुंबईत मालाडला आहे. बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी काढली. ती भागीदारी नव्हती, लिमिटेड कंपनी होती. पण १९४० मध्ये हिमांशु राय वारले, आणि १९४३ मध्ये ‘किस्मत’सारखा विक्रमी चित्रपट हातात असतानाच शशधर मुखर्जी, अशोक कुमार आणि इतर मंडळी बाहेर पडून फिल्मिस्तान या नव्या संस्थेत गेली. १९५० चे दशक अर्धे सरण्याच्या आत तिचेही काम थांबले. कोलकात्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेची वाट थोड्याफार फरकाने तीच झाली. घवघवीत यश मिळालेल्या वर्षीच संस्था दुभंगू शकते आणि कंपनी कायद्याखाली नोंदणी केल्याने ते टळत नाही, या दोन्ही गोष्टी बॉम्बे टॉकीजकडे पाहून कळतात. यश मिळाले की प्रत्येकाची बाजारातली किंमत वेगवेगळी होते, आणि संस्थेतला हिस्सा मात्र जुनाच राहतो. बहुतेक भांडणांचे मूळ या तफावतीत असते.

आता आपल्याकडे वळू. आपण मांडलेल्या योजनेचा महिन्याचा बांधील खर्च समजा असा आहे : कार्यालयाचे भाडे साठ हजार, पाच माणसांचे पगार दोन लाख, कॅमेरा आणि संगणकांच्या कर्जाचा हप्ता सत्तर हजार, वीज, इंटरनेट आणि किरकोळ वीस हजार. महिन्याला साडेतीन लाख, म्हणजे वर्षाला बेचाळीस लाख. मराठी चित्रपटाची कथा पक्की होण्यापासून प्रदर्शनापर्यंत दीड-दोन वर्षे सहज जातात. म्हणजे दुसऱ्या चित्रपटाचा पहिला रुपया हाती येण्याआधी त्रेसष्ट ते चौऱ्याऐंशी लाख नुसते दार उघडे ठेवण्यात गेले, आणि त्यांतला एकही रुपया पडद्यावर दिसणार नाही. प्रभातला स्वतःचा स्टुडिओ लागलाच, कारण १९३३ च्या पुण्यात ध्वनियंत्र किंवा प्रयोगशाळा भाड्याने मिळण्याची सोय नव्हती. मालकी ही तेव्हा गरज होती. आज कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळतो, कॅमेऱ्याबरोबर अटेंडंट येतो, आणि नवे मॉडेल आले की जुन्याची किंमत उतरते ती दुसऱ्याची उतरते. माझ्या पाहण्यात ज्या छोट्या संस्था तगल्या आहेत, त्यांनी कथा, करार आणि हिशेब ही तीन कामे स्वतःकडे ठेवली आणि बाकीचे सारे चित्रपटापुरते बाहेरून घेतले. अपवाद एकच सांगते : जाहिराती, माहितीपट किंवा मालिकांचे नियमित काम आपल्या हाती असेल, तर संकलनाची खोली स्वतःची असणे परवडते, कारण ती खोली चित्रपटाची वाट पाहत रिकामी बसत नाही.

दुसरा विषय सोडून जाण्याचा. ‘आमच्यात कोणी जाणार नाही’ असे आपण लिहिले आहे, आणि आपल्या मैत्रीबद्दल मला शंका नाही. पण माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगते. तिघांची भागीदारी, चित्रपट गाजला, आणि दिग्दर्शक भागीदाराला एका मोठ्या निर्मात्याने हिंदी चित्रपटासाठी बोलावले. भागीदारी करारात बाहेरचे काम करता येईल की नाही, याबद्दल एक ओळही नव्हती. तो गेला, उरलेल्या दोघांनी राग धरला, हिशेब मिटवायचा राहून गेला. काही वर्षांनी त्याच चित्रपटाच्या सॅटेलाइट हक्कांची, म्हणजे दूरचित्रवाहिनीवर दाखवण्याच्या हक्कांची मुदत संपून नव्याने विकण्याची वेळ आली, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने तिघांच्याही सह्या मागितल्या. तिसऱ्याने आधी जुना हिशेब द्या म्हटले. पत्रव्यवहार चालू राहिला आणि तेवढ्यात समोरच्याने त्या वर्षाची खरेदी पूर्ण करून टाकली. कोणीही कोणाला फसवले नव्हते. कागदावर जे लिहायला हवे होते ते लिहिलेले नव्हते, एवढेच.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. कलम ३७ प्रमाणे, भागीदार गेला किंवा वारला आणि अंतिम हिशेब न करता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला, तर तो किंवा त्याचे वारस एक तर त्याच्या हिश्शाच्या मालमत्तेतून झालेल्या नफ्यातला वाटा मागू शकतात, नाही तर त्या रकमेवर वार्षिक सहा टक्के व्याज. करारात काही वेगळे लिहिता येते, पण लिहिले नाही तर हे लागू होते. किराणा दुकानात मालाची मोजदाद करून हा हिशेब एका दिवसात मिटवता येईल. चित्रपटाचे उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी येत राहते, आणि आज विकलेल्या ओटीटी हक्कांचे नूतनीकरण पाच-सात वर्षांनी होते. म्हणून माझ्या मसुद्यात मी जाणाऱ्या भागीदारासाठी चित्रपटवार कलम घालते : ज्या चित्रपटाचे चित्रीकरण तो असताना पूर्ण झाले, त्याच्या निव्वळ उत्पन्नातला त्याचा ठरलेला टक्का त्याला मिळत राहील, पुढच्या चित्रपटांवर त्याचा हक्क नाही, आणि हक्कविक्रीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार राहिलेल्या भागीदारांकडेच असेल. या तिसऱ्या वाक्यावर लोक सर्वांत जास्त कुरकुर करतात, पण वर सांगितलेल्या प्रकरणात तेच वाक्य नव्हते.

भागीदारी, मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) की प्रायव्हेट लिमिटेड, याचे सरसकट उत्तर मी देणार नाही, कारण ते पैसा कुठून येणार यावर अवलंबून आहे. साध्या भागीदारीत एकाने संस्थेच्या वतीने केलेल्या व्यवहाराला चौघेही वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले जातात. घर, ठेवी सगळे त्यात आले. मर्यादित दायित्वाने हे टळते, असे पुस्तकात वाचायला मिळते, पण प्रत्यक्षात चित्रपटाला पैसे देणारा फायनान्सर बहुधा वैयक्तिक हमी लिहून घेतोच, आणि मग ती भिंत कागदावरच राहते. बाहेरचा गुंतवणूकदार भागभांडवलात यायला तयार असेल तर कंपनी सोयीची. चौघांच्याच पैशांवर आणि वितरकाच्या आगाऊ रकमेवर काम चालणार असेल तर मर्यादित दायित्व भागीदारी पुरते, कारण तिचे वार्षिक सोपस्कार कमी आहेत. एकाच चित्रपटासाठी एकत्र यायचे असेल, तर संस्था न काढता त्या चित्रपटापुरता करार करणेही अनेकदा बरे.

तिसरी गोष्ट हक्कांची, आणि आपल्या प्रश्नात तिचा उल्लेखही नाही, म्हणून थोडे थांबून सांगते. संस्था बंद होते तेव्हा जमीन आणि यंत्रे विकली जातात. उत्पन्न देत राहतो तो चित्रपट. प्रभातची वास्तू गेली, पण तिचे चित्रपट पुढेही दाखवले जात राहिले, कारण दामले कुटुंबीयांनी हक्क मिळवून ते जपले. पूर्वी पैसे देणारा फायनान्सर निर्मात्याकडून लॅब लेटर घ्यायचा, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय प्रयोगशाळा निगेटिव्हवरून प्रिंट काढू देत नसे. सगळा जीव त्या निगेटिव्हमध्ये असतो हे त्या मंडळींना निर्मात्यापेक्षा चांगले कळत होते. आता निगेटिव्हच्या जागी हार्ड डिस्क आली आणि लॅब लेटरच्या जागी कागदांची माळ : कथालेखकाचा, पटकथा-संवाद लेखकाचा, गीतकार-संगीतकाराचा, प्रत्येक कलावंताचा करार, आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र. यातला एक मणी गळाला तरी ओटीटीवाले फाइल परत पाठवतात.

या करारांत दोन शब्द कधी विसरू नका : मुदत आणि प्रदेश. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम १९ प्रमाणे, हक्क हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. पण आपण मित्राची कथा एका पानाच्या पत्रावर घेतली आणि त्यात मुदत लिहिली नाही, तर सहाव्या वर्षी त्या कथेवरचा आपला हक्कच प्रश्नात येतो. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी प्रेक्षकांसाठी चित्रपट विकायला गेल्यावर प्रदेशाचा मुद्दा असाच अंगावर येतो. आपल्या पहिल्या चित्रपटाचे कागद अजून संस्थेच्या नावावर नसतील, एका मित्राच्या वैयक्तिक नावावर असतील, तर ते संस्थेच्या नावावर लेखी वर्ग केल्याशिवाय कॅमेऱ्याच्या कर्जाचा विचारही करू नये.

घरच्या मंडळींना सांगायचे तर असे सांगा, की प्रभात चोवीस वर्षे चालली आणि तेवढ्या काळात तिने जे केले ते कोणत्याही व्यवसायात कमी मानले जाणार नाही. तिच्यासारखे भागीदार असावेत, तिच्यासारखा दोन बाजारांचा विचार असावा, पण तिचा स्टुडिओ आणि तिचे पगारपत्रक आजच्या काळात आपल्याला नको. व्यवहारात मी आपल्याला पुढील क्रम सुचवीन : आधी पहिल्या चित्रपटाचे हक्क एका ठिकाणी आणावेत, मग जाण्यायेण्याच्या कलमांसह करार करावा, बांधील खर्च दोन माणसे आणि एका खोलीपुरता ठेवावा, आणि दुसऱ्या चित्रपटाची वितरकाकडून लेखी हमी आल्यावरच पुढचा खर्च उचलावा. संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह ठरले असल्यास व्यापारचिन्ह म्हणून वर्ग ९ (ध्वनिचित्रमुद्रित माध्यमे) आणि ४१ (मनोरंजन) मध्ये नोंदवावे, आणि अर्ज संस्थेच्या नावाने करावा. चौघांपैकी ज्याला नाव सुचले त्याच्या नावाने तो करू नये.